मुंबईची स्वस्त घरे विकू नका, राखा

मुंबईतील घरांचा विषय निघाला की आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील पुष्कळ व्यापारी बांधव म्हणतात, "मुंबईचे प्रश्न मुंबईवाले सोडवतील, आपल्याला त्याचे काय?" आमचे मत वेगळे आहे. दुसरबीडसारख्या गावाचा मुंबईशी दुहेरी संबंध आहे, एक मालाचा आणि दुसरा माणसांचा. आमच्या दुकानातील कापड मुंबईच्या मुळजी जेठा आणि मंगलदास मार्केटमधून येते, भिवंडीच्या यंत्रमागांवरून येते. ते कापड विणणारा, रंगवणारा, शिवणारा आणि गाठी पाठीवर वाहणारा माणूस मात्र पुष्कळदा आमच्यासारख्याच खेड्यातून तिकडे गेलेला असतो. इकडे शेती कोरडवाहू, दुसरबीडचा सहकारी साखर कारखाना बंद पडलेला, हाताला बारमाही काम नाही. म्हणून तरुण मुले मुंबई, ठाणे, भिवंडी, पुणे गाठतात. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि आमच्या तालुक्यातून जाणारा ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई रस्ता पूर्ण झाला. रस्ता झाला हे चांगलेच झाले. परंतु त्या रस्त्याने मुंबईला पोचलेल्या मुलाने रात्री पाठ कोठे टेकवावी, याचे उत्तर कोणाजवळ नाही.

सरकारच्या घरबांधणीच्या योजना कमी झाल्या असे नाही. योजना पुष्कळ झाल्या. आमची तक्रार अशी आहे की सरकारी जमिनीवर, सरकारी पैशाने किंवा सरकारी सवलतीने बांधलेली जवळजवळ प्रत्येक स्वस्त खोली आज ना उद्या विकली जाते, आणि एकदा विकली की ती गरिबासाठी कायमची संपते. अशा घरांचा मोठा हिस्सा सरकारने आपल्याच मालकीचा ठेवावा, परवडणाऱ्या भाड्याने द्यावा आणि दरवर्षी त्यात भर घालावी, एवढेच आम्हाला या लेखात मांडायचे आहे.

कापसाच्या गाठीवर उभ्या राहिलेल्या चाळी

हा विचार नवा नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. कोंदट वस्त्यांतून रोग पसरतो हे तेव्हाच्या इंग्रज सरकारला कळून चुकले आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टने बांधलेल्या चाळींना लोक आजही बीआयटी चाळी म्हणतात. पुढे १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी, निघाले. गिरणी कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा त्याचा इरादा होता.

याचा पैसा कोठून आला हे आमच्या वऱ्हाडी वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया जकात बसवण्यात आली. त्या काळी खामगावची कापसाची पेठ नावाजलेली होती आणि वऱ्हाडातून रेल्वेने गाठीच्या गाठी मुंबईला जात. तेव्हा वरळी आणि नायगावच्या चाळींच्या भिंतींत आमच्या आजोबा-पणजोबांच्या कापसाचाही पैसा आहे, असे म्हटले तर चूक होणार नाही.

५०,००० खोल्या काही झाल्या नाहीत. वरळी, नायगाव, शिवडी आणि लोअर परळचा डिलाइल रोड (आताचा ना. म. जोशी मार्ग) येथे २०७ चाळी झाल्या. एका चाळीत ८० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. संडास सामायिक, हवा-उजेड बेताचा. त्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरी शंभर वर्षे या चाळींनी गिरणी कामगार, पोलीस, पालिका कामगार अशा हजारो कुटुंबांना किरकोळ भाड्यात शहराच्या मध्यावर ठेवले. बाप गेला, मुलगा आला, पण कामगार कामाच्या जागेपासून तुटला नाही.

आता यांपैकी १९५ चाळींचा पुनर्विकास म्हाडामार्फत चालू आहे. प्रत्येक पात्र कुटुंबाला ५०० चौरस फुटांचे घर फुकट आणि मालकीचे मिळणार आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या देण्यात आल्या. ज्यांना घर मिळाले त्यांचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो. तीन-तीन पिढ्या १६० फुटांत काढलेल्या माणसाला मोठे घर मिळाले तर कोणाचे पोट दुखावे? पण व्यापाऱ्याने नफ्याच्या रकान्याबरोबर तोट्याचा रकानाही पाहिला पाहिजे. काम पूर्ण झाल्यावर त्या जमिनीवर जुन्या रहिवाशांची मालकीची घरे असतील आणि बाकीचे टॉवर बाजारभावाने विकलेले असतील. उद्या नव्याने मुंबईत येणाऱ्या कामगाराला भाड्याने मिळेल अशी खोली तेथे उरणार नाही. शंभर वर्षांपूर्वी गाठीमागे रुपया घेऊन उभी केलेली मिळकत एका पिढीत वाटून संपेल.

भाडे गोठले, इमारत कोसळली

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबई गृहनिर्माण मंडळ आले. १९५२ मध्ये औद्योगिक कामगारांना अनुदानित घरे देण्याची केंद्राची योजना आली. कुर्ल्याचे नेहरूनगर, चेंबूरचे टिळकनगर, विक्रोळीचे कन्नमवार नगर अशा मोठ्या वसाहती मंडळाने उभ्या केल्या. कन्नमवार नगरला ज्यांचे नाव दिले ते मा. सा. कन्नमवार आमच्या विदर्भाचेच, राज्याचे दुसरे मुख्यमंत्री. अशा वसाहतींतून कामगार भाड्याने राहत. पुढे भाडे वसूल होईना, दुरुस्ती परवडेना, म्हणून ही घरे राहणाऱ्यांनाच विकण्याचे धोरण आले. ५ डिसेंबर १९७७ रोजी म्हाडा अस्तित्वात आली, आणि हळूहळू तिचे मुख्य काम घरे बांधून सोडतीने विकणे हेच झाले.

दुसरीकडे खासगी चाळींची दशा आमचे बांधव जवळून जाणतात. भेंडी बाजार, डोंगरी, नागपाडा, मदनपुरा या भागांत आमच्या कित्येक व्यापाऱ्यांच्या पेढ्या आणि कारागिरांचे कारखाने आहेत. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडे जुन्या दरावर गोठवले. भाडेकरूला संरक्षण मिळाले, ते आवश्यकही होते. पण पाच-दहा रुपये भाड्यात मालक दुरुस्ती करीना. त्यातून पागडीचा व्यवहार वाढला. शेवटी १९६९ मध्ये सरकारने उपकर बसवून दुरुस्तीची जबाबदारी स्वतःकडे घेतली. तेव्हा अशा १९,६४२ इमारती होत्या. पैसा नेहमीच अपुरा पडला. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारात पाकमोडिया स्ट्रीटवर इमारत कोसळून ३३ माणसे गेली. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत आणखी एक इमारत कोसळली आणि दहाहून अधिक जीव गेले.

यातून मिळणारा धडा कटू असला तरी खरा आहे. भाडे परवडणारे पाहिजे, परंतु दुरुस्तीचा खर्च निघणार नाही इतके ते खाली असेल तर एक दिवस ती इमारतच भाडेकरूच्या अंगावर येते. स्वस्त घर राखायचे म्हणजे त्याच्या देखभालीचा पैसाही दरवर्षी बाजूला काढायचा. जे सरकारी भाड्याच्या घरांविरुद्ध बोलतात ते याच अनुभवाकडे बोट दाखवतात. त्यांचा आक्षेप चुकीचा नाही, मात्र त्यावर विक्री हा इलाज नव्हे. दुकानात हिसाब बिघडला तर आपण हिसाब सुधारतो, दुकान लिलावात काढत नाही.

गिरण्यांची जमीन कोठे गेली?

कापडाच्या धंद्यात असलेल्या माणसाला गिरणगावाची कहाणी सांगावी लागत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप कधी रीतसर मिटलाच नाही, गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडल्या. राहिली ती जमीन, शहराच्या मधोमध सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ आले. गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा असेल तर ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश स्वस्त घरांसाठी म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला, अशी ती वाटणी होती. वाटणी न्यायाची होती. पण २००१ मध्ये नियम बदलला आणि जमिनीचा जो भाग आधीच मोकळा होता तेवढ्याचीच वाटणी करायची असे ठरले. गिरणीत मोकळी जागा असते किती? सगळीकडे शेड आणि कोठारे. त्यामुळे पालिका आणि म्हाडा यांच्या वाट्याला फारच थोडे आले. प्रकरण न्यायालयात गेले, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवा नियम कायम ठेवला.

आता आकडे पाहा. घरासाठी अर्ज करणारे गिरणी कामगार आणि त्यांचे वारस सुमारे पावणेदोन लाख. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे, २०१६ मध्ये दोन वेळा मिळून ५,०५१ आणि २०२० मध्ये ३,८९४. एकूण १५,८७०. म्हणजे या सोडतींत अकरा अर्जदारांपैकी एकाला घर लागले. बाकीच्यांना शेलू, वांगणीसारख्या दूरच्या ठिकाणचे घर दाखवले जाते, आणि घर मुंबईतच द्या म्हणून जुलै २०२५ मध्येही ते आझाद मैदानात जमले होते.

२०१६ च्या घरांतली २,४१७ घरे पनवेलजवळच्या कोन गावात होती, आणि त्यांची एक वेगळीच कथा आहे. ती एमएमआरडीएच्या भाड्याच्या घरांच्या योजनेतली होती. २००८ च्या सुमारास १६० चौरस फुटांच्या लाखो खोल्या बांधून त्या सरकारच्या मालकीने भाड्याने द्यायच्या असा बेत होता. आमच्या दृष्टीने त्या काळातली ही सर्वांत योग्य कल्पना होती. परंतु ती चालवली नाही, घरे थोडी झाली आणि जी झाली त्यांतली बरीचशी शेवटी विकण्याच्या घरांत जमा झाली. गिरणी कामगाराला घर मिळाले याचे आम्हाला दुःख नाही. त्याला देण्यासाठी भाड्याचा साठाच मोडावा लागला, याचे आहे.

मोजणीत न येणारा कारागीर

१९९५ मध्ये युतीचे सरकार आले ते मुंबईतील ४० लाख झोपडपट्टीवासीयांना फुकट घरे देण्याचे वचन देऊन. त्यासाठी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण निघाले. बिल्डरने झोपडीवाल्यांना फुकट घर बांधून द्यावे आणि मोबदल्यात उरलेल्या जागेवर वाढीव बांधकाम करून विकावे, अशी ही पद्धत. घर सुरुवातीला २२५ चौरस फुटांचे होते, नंतर २६९ आणि आता ३०० चौरस फुटांचे आहे. तीस वर्षे लोटली तरी त्या वचनाच्या निम्म्यापर्यंतही मजल गेलेली नाही. जेथे जमिनीला सोन्याचा भाव तेथे बिल्डर धावतो, आणि जेथे विक्रीतून नफा नाही तेथे झोपडी तशीच राहते.

पण आम्हाला दुसरीच गोष्ट जास्त टोचते. या पद्धतीत मोजला जातो तो झोपडीचा मालक. ठरावीक तारखेपूर्वीचे कागद ज्याच्याजवळ आहेत तो पात्र. त्याच झोपडीत भाड्याने राहणारा, पोटमाळ्यावर दहा जणांत झोपणारा, जरीकाम करणारा, शिलाई मशीन चालवणारा, चामड्याच्या पिशव्या शिवणारा कारागीर कोणत्याच यादीत नाही. धारावीचेच पाहा. तेथे २००० सालापूर्वीच्या तळमजल्यावरील रहिवाशाला धारावीतच ३५० चौरस फुटांचे घर कबूल केले आहे. नंतर आलेल्यांना आणि वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना धारावीबाहेर जावे लागेल. त्यासाठी देवनारच्या कचराभूमीची आणि मुलुंडच्या मिठागरांची जमीन पुढे आली आहे. आता विचार करा. कारागिराचे घर मुलुंडला आणि माल देणारा, शिवून घेणारा, विकत घेणारा धारावीत. धारावीत एक जण कापतो, दुसरा शिवतो, तिसरा काज-बटण करतो, चौथा इस्त्री करून गठ्ठा बांधतो, आणि हे सारे एका गल्लीत घडते म्हणून माल स्वस्त पडतो. ही साखळी तुटली तर कारागिराची रोजी जाईल आणि दुसरबीडच्या दुकानातला शर्टही महाग होईल.

मालकी वाटणाऱ्या कोणत्याही योजनेत भाडेकरू कारागिराला जागा नसते. त्याला उपयोगी पडेल असे एकच घर आहे. ते म्हणजे सरकारी मालकीचे, भाड्याचे आणि कामाजवळचे घर.

नाव न विचारणारा घरमालक

आमच्या समाजापुढे आणखी एक अडचण आहे. नाव ऐकून घर नाकारले जाण्याचा अनुभव मुंबईत आमच्या असंख्य शिकलेल्या, कमावत्या मुलांना येतो. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही याची नोंद आहे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात विशिष्ट समाजापुरते सभासदत्व ठेवण्याचा सहकारी संस्थेचा उपनियम मान्य केला, तेव्हापासून खासगी संस्थांतून दार उघडून घेणे अधिकच अवघड झाले आहे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर हजारो कुटुंबे मुंब्र्याला गेली ती सुरक्षितता शोधत आणि स्वस्त खोली शोधत. तेथे रीतसर घरे पुरेशी नव्हती, म्हणून बेकायदा इमारती उठल्या. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याची इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ जीव गेले. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीत जिलानी इमारत पडली, तीसहून अधिक माणसे झोपेतच गाडली गेली. मेलेल्यांत यंत्रमागावर काम करणारी गरीब कुटुंबे होती. जे कापड आम्ही-तुम्ही गजावर मोजून विकतो ते अशाच घरांतून राहणारी माणसे विणतात.

म्हाडाची सोडत नाव विचारत नाही. ज्याचा क्रमांक निघाला त्याला घर, मग शेजारी कोणीही असो. सर्व धर्मांची, सर्व जातींची माणसे एका जिन्यावर राहू शकतील अशी जागा आता मुंबईत सरकारी वसाहतीखेरीज फारशी उरलेली नाही. तेव्हा सरकारी घरांची संख्या वाढवणे हा आमच्या समाजाच्या हिताचा प्रश्न आहे, तसाच तो या शहरात माणसांनी एकमेकांचे शेजारी म्हणून राहण्याचाही प्रश्न आहे.

मात्र सोडतीतले घर आता गरिबाच्या आवाक्यात राहिलेले नाही. २०२३ मध्ये गोरेगाव पहाडी येथील अत्यल्प उत्पन्न गटाच्या घराची किंमत ३० लाखांच्या वर होती. २०२४ मध्ये मुंबईत २,०३० घरांसाठी एक लाखाहून अधिक लोकांनी अनामत भरली, म्हणजे एका घरामागे पन्नासच्या वर. महिना पंधरा-वीस हजार कमावणारा हमाल ३० लाख आणणार कोठून? बँकेकडे जावे तर हप्ता झेपत नाही. शिवाय आमच्यातले कितीतरी दीनदार बांधव व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहू इच्छितात. त्यांना विकतचे घर स्वस्त केले तरी दार बंदच राहते. भाड्याच्या घराला व्याज लागत नाही. हाही विचार सरकारपुढे आपण मांडला पाहिजे.

वक्फचा कायदा घरांना लावा

आमचे म्हणणे समजावून सांगायला वक्फपेक्षा चांगला दाखला नाही. वक्फची मिळकत विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, वारसांत वाटता येत नाही. मूळ कायम राहते आणि तिचा लाभ पिढ्यान्‌पिढ्या गरजूंना मिळतो. (वक्फ कायद्यात २०२५ मध्ये झालेल्या दुरुस्तीचा वाद हा वेगळा विषय आहे, येथे आम्ही फक्त तत्त्व सांगतो.) सरकारी जमीनही अशीच जनतेची अमानत आहे. आज जे त्यावर राहतात त्यांचा हक्क आहेच, पण उद्या येणाऱ्याचाही आहे. अमानत वाटून टाकण्याचा अधिकार कोणत्याही एका सरकारला नाही.

मुंबईतच याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. पारशी समाजाच्या खुसरो बाग, नौरोज बाग यांसारख्या वसाहती जेरबाई वाडिया यांच्या दानातून उभ्या राहिल्या. जमीन ट्रस्टची, घरे समाजाच्या गरजूंना अल्प भाड्याने. जवळजवळ शंभर वर्षांनंतरही त्या उभ्या आहेत, कारण त्या विकून टाकल्या नाहीत.

परदेशातही हेच दिसते. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना नगरपालिकेने १९२० च्या दशकात, म्हणजे आमच्या बीडीडी चाळींच्याच काळात, कामगारांसाठी घरे बांधायला घेतली. तिने ती विकली नाहीत, उलट वाढवत नेली. आज त्या पालिकेच्या मालकीची दोन लाखांहून अधिक भाड्याची घरे आहेत. सिंगापूरने १९६० मध्ये गृहनिर्माण मंडळ काढले. तेथे सुमारे ८० टक्के लोक मंडळाच्या घरांत राहतात. घर विकत दिले तरी ते ९९ वर्षांच्या पट्ट्याने देतात, जमीन सरकारचीच राहते. इंग्लंडने उलटे केले. १९८० च्या कायद्याने पालिकांची घरे भाडेकरूंना सवलतीत विकायला सुरुवात केली. घेणाऱ्यांचा फायदा झाला, पण विकली तेवढी घरे पुन्हा बांधली गेली नाहीत, आणि आज तेथे पालिकेच्या घरासाठी लोक वर्षानुवर्षे यादीत नाव लावून बसतात. आपण यातील कोणता रस्ता घ्यायचा हे अजून आपल्या हातात आहे.

आमच्या मागण्या

मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे उद्दिष्ट त्यात ठेवले आहे, आणि भाड्याच्या घरांचाही उल्लेख आहे. धोरण कागदावरच राहू नये यासाठी आमच्या काही मागण्या आहेत.

पहिली, सरकारी, पालिकेच्या आणि म्हाडाच्या जमिनीवर यापुढे जो पुनर्विकास होईल त्यात जुन्या रहिवाशांना त्यांचे हक्काचे घर देऊन झाल्यावर उरलेल्या घरांचा ठरावीक हिस्सा भाड्याचा म्हणून राखून ठेवावा आणि तो विकण्यास कायद्याने मनाई करावी. जुन्या वसाहती अजून मोठ्या संख्येने पुनर्विकासाच्या रांगेत आहेत. आज नियम केला तरच उपयोग आहे.

दुसरी, भाडे कुटुंबाच्या उत्पन्नाच्या प्रमाणात असावे, त्यातला एक भाग दुरुस्ती निधीत जमा व्हावा आणि त्याचा हिसाब दरवर्षी रहिवाशांसमोर ठेवावा. भाडे गोठवल्याचे परिणाम मुंबईने भोगलेले आहेत.

तिसरी, सोडतीतले स्वस्त घर पुढे विकायचे झाल्यास ते आधी म्हाडाला ठरलेल्या किमतीत विकण्याची अट असावी. सवलतीत मिळालेले घर काही वर्षांनी बाजारभावाने विकले की सरकारची सवलत दलालाच्या खिशात जाते.

चौथी, पुनर्वसनाच्या मोजणीत भाडेकरू आणि कारखान्यात राहणारा कारागीर यांची वेगळी यादी करावी आणि त्यांना त्याच भागात भाड्याची जागा द्यावी. घराबरोबर लहान कारखान्यासाठीही गाळे भाड्याने ठेवावेत. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-भिवंडीहून पायी गावाकडे निघालेले मजूर साऱ्या देशाने पाहिले. खोलीचे भाडे देता येत नाही म्हणून त्यांच्यातले कित्येक निघाले होते. त्यानंतर जुलै २०२० मध्ये केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या संकुलांची योजना काढली. ती मुंबईत जोमाने राबवावी.

आपण काय करावे?

सर्व भार सरकारवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्या लोकांचे कागद पुरे नसतात, ही नित्याची गोष्ट आहे. म्हाडाच्या सोडतीत अर्ज करण्यासाठी मुंबईचाच रहिवासी असावे लागत नाही, महाराष्ट्राच्या अधिवासाचा दाखला लागतो. आधार, पॅन आणि उत्पन्नाचा पुरावाही लागतो. मुंबई महानगर प्रदेशात वर्षाला सहा लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असणारे अत्यल्प गटात मोडतात. आमचे शिंपी, विणकर, रंगारी बांधव रोख मजुरी घेतात आणि उत्पन्नाचा पुरावा त्यांच्याजवळ नसतो. ज्या व्यापाऱ्याकडे ते काम करतात त्याने मजुरी बँकेतून द्यावी, पावती द्यावी. लहान कारखानदारांनी उद्यम नोंदणी करून घ्यावी. जाण्यापूर्वीच प्रत्येक मुलाने तहसील कार्यालयातून अधिवासाचा दाखला काढून ठेवावा. आमच्या जिल्ह्याचा कारभार म्हाडाच्या अमरावती मंडळाकडे आहे, तेथील घरांच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवावे.

दुसरे काम संपन्न बांधवांचे आहे. मुंबईत बाहेरगावच्या माणसाला चार दिवस टेकायला साबू सिद्दीकसारखे मुसाफिरखाने जुन्या दानशूर व्यापाऱ्यांनी बांधले. ते हाजींसाठी आणि मुसाफिरांसाठी होते. आजचा मुसाफिर कामासाठी येतो आणि चार दिवसांऐवजी चार वर्षे राहतो. त्याच्यासाठी साध्या, स्वच्छ, भाड्याच्या खोल्या भिवंडीत आणि मुंब्र्यात बांधणे हे आजच्या काळातले मोठे पुण्यकर्म आहे, आणि हिसाब नीट ठेवला तर तोट्याचेही नाही. खोल्या कोणत्याही धर्माच्या कामगाराला द्याव्यात, म्हणजे सरकारकडे मागताना आपला शब्दही वजनदार राहील.

तिसरे काम सर्वांचे. निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो मुंबईचा असो की सिंदखेडराजाचा, एक प्रश्न विचारावा: सरकारी जमिनीवर भाड्याची किती घरे तुम्ही राखणार आणि किती नवी बांधणार? फुकट घराचे आश्वासन ऐकून गप्प बसू नये. फुकट घर थोड्यांना मिळते आणि तेही एकदाच. आपल्या गावातून पुढच्या वर्षी जाणाऱ्या मुलाला, त्याच्या मागून जाणाऱ्याला आणि त्याच्याही मागून जाणाऱ्याला छप्पर हवे असेल तर भाड्याची सरकारी घरे टिकवण्याची मागणी आजच करावी लागेल. व्यापारी संघटनांनी आणि कारागिरांच्या जमातींनी आपापल्या सभेत तसा ठराव करून गृहनिर्माण खात्याकडे पाठवावा, ही आमची कळकळीची विनंती आहे.